आधी स्मारक, मग शाळा

पूर्वी हदगाव तालुक्यात असलेल्या आणि १९९९ मध्ये स्वतंत्र तालुका झालेल्या हिमायतनगरात हुतात्मा जयवंतराव पाटील महाविद्यालय आहे. वसमतला हुतात्मा बहिर्जी स्मारक महाविद्यालय, धर्माबादला हुतात्मा पानसरे हायस्कूल, उदगीरला श्यामलाल स्मारक विद्यालय. हैदराबादच्या निजामाविरुद्धच्या लढ्यात आपला माणूस पडला, तर त्याच्या आठवणीसाठी मराठवाड्याने शाळा काढली. उर्दू माध्यमाच्या राज्यात मराठी शाळेसाठी ज्यांनी टाचा घासल्या, त्यांना हुतात्म्याचे याहून मोठे स्मारक सुचले नसते. त्या शाळेत शिकणारे पोर परीक्षेच्या अर्जावर, वहीच्या पुठ्ठ्यावर, दाखल्यावर हुतात्म्याचे नाव लिहीत मोठे होते. पुतळ्याला वर्षातून दोनदा हार पडतो, हे नाव मात्र रोज लिहिले जाते.

म्हणूनच हदगावच्या या स्मरणिकेसाठी मी सिंहगडाच्या पायथ्याच्या एका संस्थेचा इतिहास निवडला. पुण्याजवळच्या खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी सगळ्यांना एनडीए म्हणून माहीत आहे. लष्कर, नौदल आणि हवाई दल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी तिथे एकत्र घडतात. ही संस्थाही आपल्या शाळांसारखी स्मारकातूनच उभी राहिली, हे मात्र फारसे बोलले जात नाही. आधी स्मारकाचे पैसे आले, मग शाळा झाली. आणि शाळा झाल्यावर तिच्या मुलांनी आपल्यातल्या गेलेल्यांसाठी स्वतःच्या हातांनी आणखी एक लहानसे स्मारक बांधले.

गोष्ट सुरू होते १९४१ मध्ये, आफ्रिकेत. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या फौजा इरिट्रिया आणि ॲबिसिनियातून सुदानच्या सीमेवर येऊन बसल्या होत्या. त्यांना मागे रेटायच्या मोहिमेत भारतीय सैन्याच्या चौथ्या आणि पाचव्या डिव्हिजनने मोठा वाटा उचलला. इरिट्रियातले केरेन हे डोंगरांच्या कड्यांनी वेढलेले ठाणे घ्यायला फेब्रुवारी आणि मार्च १९४१ असे जवळजवळ दोन महिने लागले. चढावरून वर जायचे आणि वरून मशीनगनचा मारा अंगावर घ्यायचा, अशी ती लढाई होती. तिथे मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही होते. सह्याद्रीत वाढलेल्या त्या पोरांना कडे नवे नव्हते, पण ते कडे त्यांच्या घरापासून किती तरी हजार मैल दूर होते. त्याच मोहिमेत खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे तरुण अधिकारी प्रेमिंद्रसिंग भगत यांनी सलग ९६ तास रस्त्यावरचे सुरुंग काढले. ५५ मैलांच्या वाटेवर सुरुंगांची १५ क्षेत्रे त्यांनी मोकळी केली. त्या कामगिरीसाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी.

सुदानच्या सरकारने कृतज्ञता म्हणून त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्याकडे एक लाख पौंड दिले. या लढाईत पडलेल्या भारतीय सैनिकांचे स्मारक उभारावे, एवढीच अपेक्षा होती. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे या पैशात एखादी कमान झाली असती, संगमरवरी स्तंभ झाला असता. पण युद्ध संपत आले तेव्हा सरसेनापती फील्ड मार्शल ऑकिनलेक यांच्यासमोर वेगळा प्रश्न होता. पुढच्या युद्धात तिन्ही दलांना एकत्र लढावे लागणार, मग त्यांच्या अधिकाऱ्यांनी आपापल्या वेगळ्या शाळेत का शिकावे? त्यांच्या समितीने अमेरिकेच्या वेस्ट पॉइंटसह जगभरातल्या लष्करी संस्थांचा अभ्यास केला आणि डिसेंबर १९४६ मध्ये अहवाल दिला. तिन्ही दलांसाठी एकच प्रबोधिनी हवी, हे त्याचे सार. सुदानचे पैसे या संस्थेला द्यायचे ठरले. पडलेल्या सैनिकाचे स्मारक म्हणून नव्या सैनिकांची शाळा बांधणे, ही कल्पना मला आपल्या मराठवाड्याच्या फार जवळची वाटते.

मग फाळणी झाली. फौजांबरोबर, रेल्वेच्या डब्यांबरोबर आणि कचेऱ्यांतल्या टेबलखुर्च्यांबरोबर सुदानचे एक लाख पौंडही वाटले गेले. भारताच्या वाट्याला ७० हजार आले. केरेनच्या चढावर खांद्याला खांदा लावून लढलेल्या जवानांचे स्मारक असे दोन देशांत विभागले गेले, याची खंत आजही वाटावी.

खडकवासल्याची इमारत उभी राहीपर्यंत शिक्षण थांबवायचे नाही, म्हणून १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडूनला 'जॉइंट सर्व्हिसेस विंग' सुरू झाली. कायमच्या जागेसाठी अनेक प्रांत पुढे आले होते. मुंबई सरकारने सगळ्यांत जास्त, ८,०२२ एकर जमीन देऊ केली. सोबत खडकवासल्याचा तलाव होता, सभोवती डोंगर होते, लोहगावचा विमानतळ जवळ होता, समुद्रही फार लांब नव्हता. तलावाच्या उत्तर काठावर युद्धकाळातले एक प्रशिक्षण केंद्र होते आणि 'अँगोस्तुरा' नावाचे सरावासाठी उभारलेले नकली जहाजही होते. पाण्यातून काठावर हल्ला कसा करायचा, ते तिथे शिकवले जाई. म्हणजे ही जागा आधीच युद्धाच्या कामाला लागलेली होती.

६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली. ही तारीख आपल्या पंचांगात ठेवून पाहावी. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले होते, म्हणजे हदगावच्या चावडीवर तिरंगा लागून जेमतेम एक वर्ष लोटले होते. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात थांबून लढलेली माणसे नुकती घरी परतली होती. ज्या सैन्याने ही सुटका केली, त्याच सैन्याच्या पुढच्या पिढीसाठी पुण्याजवळ पाया खणला जात होता. हैदराबादच्या कारवाईचे नेतृत्व करणारे जनरल जयंतनाथ चौधुरी पुढे १९६५ च्या युद्धात देशाचे लष्करप्रमुख होते. हे धागे नकाशावर लांबलांब दिसतात, पण एकमेकांत गुंतलेले आहेत.

डिसेंबर १९५४ मध्ये प्रबोधिनी खडकवासल्याला आली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी तिचे औपचारिक उद्घाटन झाले. 'सेवा परमो धर्मः' हे तिचे ब्रीद. या नव्या जागेवरचे पहिले प्रमुख होते मेजर जनरल एनायत हबीबुल्ला. लखनौच्या खानदानातला हा अधिकारी. फाळणीच्या वेळी दोन्हीकडे ओढणारी नाती असतानाही त्यांनी भारतीय सैन्य निवडले होते. प्रबोधिनीच्या मोठ्या सभागृहाला आज त्यांचे नाव आहे. पण त्यांची खरी आठवण मला सभागृहापेक्षा एका छोट्या वास्तूत दिसते. तिचे नाव 'हट ऑफ रिमेम्ब्रन्स', मराठीत स्मृतिकुटी म्हणू.

प्रबोधिनीतून बाहेर पडून कर्तव्यावर प्राण दिलेल्या माजी विद्यार्थ्यांचे हे स्मारक. हबीबुल्लांच्या कारकिर्दीत, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते उभे राहिले. ठेकेदाराला काम देऊन ते बांधून घेतलेले नाही. तिथे शिकणाऱ्या कॅडेटांनी श्रमदानाने ते बांधले. तो काळच श्रमदानाचा होता. विनोबा पायी हिंडून भूदान मागत होते, समूह विकास योजनेत गावेच्या गावे रस्ते आणि विहिरी खणत होती. त्या वाऱ्यात पुढे अधिकारी होणारी सतरा-अठरा वर्षांची पोरे स्वतःच्याच शाळेत दगडमातीचे काम करू लागली, ही गोष्ट लष्करी संस्थेच्या इतिहासात साधी नाही. अधिकाऱ्याने हुकूम द्यावा आणि इतरांनी ओझे वाहावे, ही जुनी घडी त्यात मोडली.

आणखी एक गोष्ट मनात राहते. बांधणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते की त्या भिंतीवर कुणाची नावे येतील. वर्ग सुटल्यावर दगड उचलणारा मुलगा आपल्या शेजारच्या मुलाकडे पाहत असेल तेव्हा तोही एक उमेदवार होता आणि हाही. गावात कुणाच्या घरी माती झाली, तर सगा-सोयरा नसलेलाही सरण रचायला हात लावतो. इथे हात लावणाऱ्यांनी स्वतःसाठीच जागा करून ठेवली होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्या पिढीतले अधिकारी अवघ्या काही वर्षांत १९६२ ला हिमालयात आणि १९६५ ला पंजाब-काश्मीरच्या आघाड्यांवर होते.

'हट' हा शब्दही मला नेमका वाटतो. मे १९५९ मध्ये, म्हणजे त्याच सुमारास, सुदानच्या पैशाची आठवण सांगणाऱ्या भव्य इमारतीचे उद्घाटन झाले. तिला 'सुदान ब्लॉक' म्हणतात. काळा पाषाण, ग्रॅनाइट, जोधपूरचा तांबडा दगड, वर घुमट आणि आत संगमरवर. फोटोत एनडीए म्हणून जी इमारत आपण पाहतो ती हीच. उद्घाटनाला सुदानचे राजदूत आले होते. सुदान १९५६ मध्ये स्वतंत्र झाला होता, तेव्हा पैसे दिले एका वसाहतीच्या सरकारने आणि पडदा दूर केला एका स्वतंत्र देशाच्या प्रतिनिधीने. घुमटाची ती वास्तू देशाच्या मानाला शोभते. पण आपल्याबरोबर एका खोलीत झोपलेल्या, एका ताटात जेवलेल्या माणसाची आठवण घुमटाखाली करवत नाही. तिला बुटके छतच लागते. कॅडेटांनी ते ओळखले.

स्मृतिकुटीच्या भिंतीवरच्या नावांतून तीन नावे देशाला सर्वांत जास्त ठाऊक आहेत, कारण ती परमवीरचक्राची आहेत.

पहिले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया. डेहराडूनमध्ये सुरुवात झालेल्या नवव्या तुकडीचे विद्यार्थी, परमवीरचक्र मिळवणारे प्रबोधिनीचे पहिले माजी विद्यार्थी. डिसेंबर १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून ते आफ्रिकेतल्या काँगोमध्ये होते. एलिझाबेथव्हिल शहरात रस्ता अडवून बसलेल्या सुमारे ९० जणांवर त्यांनी आपल्या १६ गुरखा जवानांनिशी हल्ला चढवला. समोर दोन चिलखती गाड्या होत्या. मानेला गोळ्या लागल्यावरही ते लढत राहिले आणि शेवटी रक्तस्रावाने गेले. वय २६. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत मिळालेले ते आजवरचे एकमेव परमवीरचक्र आहे. वीस वर्षांपूर्वी सुदानच्या लढाईतून ज्या शाळेचा पहिला पैसा आला, तिचा पहिला परमवीर पुन्हा आफ्रिकेच्याच मातीत पडला. इतिहास असे वर्तुळ ठरवून काढत नाही, पण ते दिसल्यावर न लिहिणे मला जमत नाही.

दुसरे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० चा, पुण्याचा. प्रबोधिनीत ते फॉक्सट्रॉट स्क्वॉड्रनचे, ३८ व्या तुकडीचे. जून १९७१ मध्ये पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये दाखल झाले आणि डिसेंबरात युद्ध पेटले तेव्हा अहमदनगरला तरुण अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमात होते. तिथून आघाडीवर गेले. १६ डिसेंबरला शकरगढ क्षेत्रात बसंतर नदीजवळ जरपालला रणगाड्यांची लढाई झाली. खेत्रपालांच्या रणगाड्याने शत्रूचे एकापाठोपाठ रणगाडे उडवले. स्वतःचा रणगाडा पेटला तेव्हा बाहेर पडायचा हुकूम आला, पण तोफ अजून चालते आहे असे कळवून ते थांबले. वय २१. ढाक्याची शरणागती त्याच दिवशीची. तीस वर्षांनी, २००१ मध्ये, त्यांचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल पाकिस्तानात आपले जुने घर पाहायला गेले, तेव्हा ज्या घरी ते उतरले त्या घरच्या पाकिस्तानी ब्रिगेडियरनेच त्यांना सांगितले की तुमच्या मुलाच्या समोर त्या दिवशी मी होतो, तो माझ्या हातून गेला. ऐंशी ओलांडलेल्या त्या पित्याने काय झेलले असेल, ते शब्दांत धरायचा मी प्रयत्न करत नाही. प्रबोधिनीच्या संचलनाच्या मैदानाला आज खेत्रपालांचे नाव आहे.

इथे हदगावच्या वाचकासाठी थोडे थांबतो. १९४८ च्या हैदराबादच्या कारवाईत पूना हॉर्स ही रेजिमेंट होती. तिलाच आणखी एक परमवीरचक्र मिळाले, १९६५ मध्ये, लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना. तारापोर शिकले पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेत, पण त्यांचे लष्करी आयुष्य सुरू झाले निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या फौजेत. संस्थान विलीन झाले आणि १९५१ मध्ये ते पूना हॉर्समध्ये आले. ते प्रबोधिनीचे विद्यार्थी नव्हते, म्हणून स्मृतिकुटीच्या गोष्टीत त्यांना तसे स्थान नाही. पण रझाकारांच्या आठवणीमुळे निजामाच्या फौजेविषयी आपल्या मनात जो कडवटपणा उरला आहे, त्यात तारापोरांचे नाव मिसळायला हवे. त्याच संस्थानाच्या फौजेतून आलेला हा माणूस सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोटच्या आघाडीवर जखमी होऊनही मागे न हटता भारतासाठी लढला आणि रणातच पडला.

तिसरे नाव कॅप्टन मनोजकुमार पांडे. ९० वी तुकडी, माइक स्क्वॉड्रन. ३ जुलै १९९९ च्या पहाटे कारगिलच्या खालुबार शिखरावर एकामागून एक बंकर घेत ते गेले, चोवीस वर्षांचे होऊन आठवडा झाला होता. ते प्रबोधिनीआधी लखनौच्या सैनिक शाळेत शिकले. त्या शाळेला आता त्यांचेच नाव दिले आहे. म्हणजे उत्तर प्रदेशानेही शेवटी मराठवाड्यासारखेच केले.

बाकीची नावे वर्तमानपत्रांत एक दिवस आली आणि मागे पडली. शांततेच्या काळात, विमान पडून, बर्फाच्या कड्याखाली, दहशतवाद्यांशी लढताना गेलेल्यांची ती नावे आहेत. माझ्या मते स्मृतिकुटीचे मोल या नावांसाठी अधिक आहे. परमवीरांना देश विसरणार नाही, त्यांच्या नावाचे रस्ते आहेत. बाकीच्यांसाठी शाळेनेच आठवण ठेवायला हवी, कारण ते कुठल्या स्क्वॉड्रनचे होते, पोहण्यात कच्चे होते की घोड्यावर पक्के, हे शाळेलाच माहीत असते.

देशाच्या पातळीवर हे काम फार उशिरा झाले, हेही नोंदवायला हवे. दिल्लीत इंडिया गेटखाली अमर जवान ज्योती १९७२ च्या प्रजासत्ताक दिनी पेटली, पण स्वतंत्र भारतासाठी पडलेल्या सर्व सैनिकांची नावे कोरलेले राष्ट्रीय युद्धस्मारक झाले २५ फेब्रुवारी २०१९ ला. पुण्यात नागरिकांच्या वर्गणीतून युद्धस्मारक उभे राहिले १९९८ मध्ये. खडकवासल्याच्या कॅडेटांनी आपल्या कुवतीत हे काम साठ वर्षे आधी केले होते. मोठ्यांना जे सुचायला सहा दशके लागली, ते पोरांनी फावड्याने करून दाखवले.

महाराष्ट्रात या परंपरेची दुसरी शाळा म्हणजे साताऱ्याची सैनिक शाळा. देशातली ती पहिली, २३ जून १९६१ ची. तिचे माजी विद्यार्थी कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना गेले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी पुढे स्वतः प्रशिक्षण घेतले आणि २०१७ मध्ये त्या लष्करात अधिकारी झाल्या. दगडावर कोरता येत नाही अशी ही आठवण आहे.

हदगाव, तामसा, निवघा, मनाठा या भागांतल्या पोरांसाठी खडकवासल्याचा रस्ता पूर्वी फार लांबचा होता. घरात सैन्याची ओळख नाही, इंग्रजीची भीती, मुलाखतीत काय विचारतात ते सांगणारे कुणी नाही. महाराष्ट्र सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली ती याच अडचणीवर. दहावीनंतर निवड झालेली मुले तिथे राहून अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी करतात. मराठवाड्याच्या दारात असलेली ही सरकारी सोय आपल्या तालुक्यातल्या किती शिक्षकांना ठाऊक आहे, हे दर वर्षी विचारावे असे मला वाटते. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली.

मुलींचा उल्लेख आला, कारण प्रबोधिनीही बदलली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी परीक्षेचे दार उघडले, २०२२ मध्ये १४८ व्या तुकडीत पहिल्या १९ मुली दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ ला त्यांतल्या १७ जणी खेत्रपाल मैदानावरच्या संचलनातून बाहेर पडल्या. तीन वर्षांत त्यांनी तेच केले जे मुले करत आली आहेत: पहाटेची परेड, तलावात पोहणे, सिंहगडाची चढण. प्रशिक्षणातल्या एका मोठ्या शिबिराचे नावच 'कॅम्प तोरणा' आहे. शिवरायांनी स्वराज्याच्या सुरुवातीला घेतलेल्या गडाचे नाव केरळच्या आणि मणिपूरच्या मुलामुलींच्याही तोंडी बसते, याचा आनंद होतो.

बाहेर पडणारी तुकडी दीक्षान्त संचलनाआधी स्मृतिकुटीत जाते. तिथे भाषण नसते. तीन वर्षे ज्यांना ओरडून, पळवून, चुका काढून घडवले, ती मुले त्या वेळी शांत असतात. बुटक्या छताखाली ती भिंतीवरची नावे वाचतात. एखाद्याला आपल्याच स्क्वॉड्रनचे नाव दिसते, एखादीला आपल्या जिल्ह्याचे. फुले ठेवून, सलाम करून ती बाहेर येतात आणि बूट चकचकीत करायला आपल्या खोल्यांकडे जातात, कारण सकाळी संचलन असते आणि आई-वडील रात्रीच्या गाडीने पुण्याला निघालेले असतात.